कोटींतून सातशें

कोंकणांतून देशावर चढणाऱ्या जुन्या वाटांमध्यें नाणेघाटाची वाट फार प्रसिद्ध आहे. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून या घाटानें वर आणीत. तो जुन्नरच्या बाजारपेठेंत येई आणि तेथून पुढें पैठणाकडे जाई. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं हा घाट पाहिला असेल त्यांना माथ्यावरील दगडी रांजण आठवत असेल. जकातीचीं नाणीं त्या रांजणांत टाकीत, असें आजूबाजूचे लोक सांगतात. परंतु त्या रिकाम्या रांजणाहून कितीतरी मोलाची वस्तु जवळच्या लेण्यांत आहे. सातवाहन कुळांतील पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा विस्तृत प्राकृत लेख त्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत कोरलेला असून तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो.

या लेखांत राजकुलानें केलेल्या यज्ञांची यादी आहे. अश्वमेध, राजसूय, गवामयन अशीं नांवें एकामागून एक येतात आणि त्यांच्याबरोबर दक्षिणेचा हिशेब येतो. एके ठिकाणीं १७०० गाई व १० हत्ती दिल्याची नोंद आहे. ब्राह्मी अंकांचे इतके प्राचीन नमुने दुसरीकडे क्वचितच सांपडत असल्यामुळें गणिताच्या अभ्यासकांनाही या लेखाचें मोठें महत्त्व वाटतें. मागच्या भिंतीवर राजकुटुंबांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. त्या आज नाहींत. कांहीं पावलांच्या खुणा आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, एक महारठी आणि राजकुमार यांचीं तीं नांवें होत. हा लेख वाचून राजानें काय दिलें तें कळतें. घाट चढतांना दमलेला बैलवाला काय गुणगुणत होता तें मात्र कळत नाहीं.

जुन्नर गांवाभोंवतालच्या डोंगरांतील लेखांत माणसांचा मेळावा अधिक मोठा आहे. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्रि या डोंगरांतील लेण्यांमध्यें देणगीदारांचीं नांवें कोरलेलीं आहेत. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख तेथें आहे. इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांचीं नांवें आहेत. एकानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, दुसऱ्यानें भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि एक टाकें दिलें. बांबूचें काम करणारे व कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें एक चैत्यगृह दिलें. देशी, परदेशी, अमात्य, सोनेंनाणें हाताळणारे, कारागीर असे सर्व थर तेथें एकत्र आले आहेत. मात्र त्या भिंतीवर नांव चढण्याची अट एकच होती: ज्यानें दान दिलें त्याचें नांव. ज्याच्यापाशीं देण्यासारखें कांहीं नव्हतें त्याला दगडावर जागा नव्हती.

याच सातवाहनांच्या काळांत आरंभ झालेली आणखी एक नोंद महाराष्ट्रापाशीं आहे. तिला ना टांकी लागली ना दक्षिणा. ती म्हणजे हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती'. प्राकृतांत तिला 'सत्तसई' म्हणतात, आणि तिचें मूळ नांव 'गाथाकोश' असावें असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं साधार दाखविलें आहे. कोश म्हणजे भांडार. आणि भांडार म्हटलें कीं, त्यांत काय ठेवावें व काय ठेवूं नये हें ठरविणारा कोणीतरी आलाच. त्या निवड करणाऱ्याचें काम किती कठीण असतें, तें कोणत्या गुणांनीं यशस्वी होतें आणि त्यांत कोठें उणें राहतें, हें पाहण्यास या ग्रंथासारखें दुसरें उदाहरण महाराष्ट्रांत नाहीं.

पुराणांतील राजवंशावळींत हाल हा सतरावा राजा आहे. त्याच्या वांट्याला पुराणांनीं अवघीं पांच वर्षें दिलीं आहेत. त्याची राजधानी पैठण. सप्तशतीच्या तिसऱ्या गाथेंत असें सांगितलें आहे कीं, कविवत्सल हालानें एक कोटि गाथांमधून अलंकारयुक्त अशा सातशें गाथा निवडून काढल्या. हा कोटीचा आंकडा शब्दशः घेतला, तर चौदा हजारांहून अधिक गाथा पाहाव्या तेव्हां एक पदरांत पडावी असें प्रमाण येतें. आणि हें काम त्या पांच वर्षांतच उरकावयाचें म्हटलें, तर राजानें रोज पांच हजारांवर गाथा ऐकल्या असें मानावें लागेल. तेव्हां कोटि याचा अर्थ अगणित, असाच घेणें योग्य. परंतु त्या अतिशयोक्तीमागची गोष्ट खरी आहे. देशभर लोक गाथा रचीत होते, म्हणत होते, विसरत होते. त्या राशीपुढें कोणीतरी बसला आणि त्यानें ती चाळली.

चाळणीस भोकें एका मापाचीं असावीं लागतात. हालाच्या चाळणीचें पहिलें माप म्हणजे गाथा हा छंद. पहिल्या ओळींत ३० मात्रा, दुसरींत २७. एवढ्यांत सर्व कांहीं आटोपलें पाहिजे. गाथेला मागची कथा नाहीं आणि पुढचा सर्ग नाहीं; ती आपल्या पायांवर उभी असते. त्यामुळें थोर पंडिताची गाथा आणि अनोळखी माणसाची गाथा शेजारीं शेजारीं ठेवतां येते. लांबीच्या जोरावर मोठेपणा मिरविण्याची सोयच तेथें नाहीं. वेगवेगळ्या लोकांचें लिखाण एकत्र करूं पाहणाऱ्यानें सर्वांना एकच माप लावावें, हें पहिलें सूत्र येथें दिसतें.

दुसरें सूत्र नांवाचें. गाथांच्या टीकाकारांनीं आणि पोथ्यांनीं अनेक गाथांच्या कर्त्यांचीं नांवें जपून ठेवलीं आहेत. पोट्टिस, चुल्लोह, मकरंदसेन, भीमस्वामी, कुमारिल अशीं तीं नांवें. आणि त्यांच्या जोडीला रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा अशा स्त्रियांचीं. कोणती गाथा कोणाची याविषयीं पोथ्यांत एकवाक्यता नाहीं. तथापि एवढें स्पष्ट आहे कीं, निवडलेली वस्तु निवडणाऱ्याची होत नाहीं, ती रचणाऱ्याचीच राहते, हा भाव त्या संग्रहामागें होता. या कवींपैकीं बहुतेकांचें दुसरें एक अक्षरही आज उपलब्ध नाहीं. त्यांनीं आयुष्यांत आणखी किती गाथा रचल्या असतील कोण जाणे! त्यांचें अस्तित्व आज जें कांहीं उरलें आहे तें त्या एकदोन गाथांपुरतें, आणि तेंही कोणी एकानें त्या उचलून बाजूला ठेवल्या म्हणून.

मग हालानें उचललें तरी काय? राजाच्या भांडारांत राजाची स्तुति भरपूर असेल अशी कोणाचीही अपेक्षा असावयाची. सप्तशतींत सातवाहन नरपतीचा गौरव करणारी गाथा आहे. परंतु अशा गाथा बोटांवर मोजण्याइतक्याच. बाकीचा सर्व ग्रंथ शेताच्या बांधावर, पाणवठ्यावर, चुलीपाशीं आणि नदीकांठीं फिरतो. गांवचा मुखिया, त्याची लेक, नांगऱ्या, पारधी, वाटसरू, सासू, नणंद हीं त्यांतील माणसें. कापसाचीं, तिळाचीं, तागाचीं व भाताचीं शेतें त्यांत आहेत. गोदावरी तर पानोपानीं भेटते. एका गाथेंत नवरा परगांवीं गेलेली भोळी स्त्री हातापायांच्या बोटांवर दिवस मोजते. वीस बोटें संपतात आणि पुढें कशावर मोजूं म्हणून ती रडूं लागते. दुसऱ्या एकींत वादळानें घराचें छप्पर उडालें आहे, पाणी आंत ठिबकत आहे आणि घरधनीण दोन्ही हातांनीं भिंतीवरची खूण झांकून धरते. कारण नवऱ्याच्या परतीच्या दिवसाची खूण ती तेवढीच. घरांतील धान्य भिजेल याची चिंता नंतरची. सत्तावन्न मात्रांत एवढें सारें सांगितलेलें आहे, आणि सांगणाऱ्यानें डोळ्यांतून टिपूस काढलेलें नाहीं.

भाषेच्या बाबतींतही हालाचें धैर्य ध्यानांत घेण्याजोगें आहे. संस्कृत ही विद्वानांची भाषा होती, तरी त्यानें लोकांच्या प्राकृतांतून निवड केली. त्या प्राकृताला महाराष्ट्री म्हणतात. तींतील कित्येक शब्द थोड्या फेरफारानें आजही आपल्या घरांत वावरत आहेत. पोट्ट म्हणजे पोट, तुप्प म्हणजे तूप, चिक्खल्ल म्हणजे चिखल, पाउस म्हणजे पाऊस, सुण्हा म्हणजे सून. आणि सासूला हांक मारावयाची ती अत्ता म्हणून, तिचीच पुढें आत्या झाली. घोडेगांव-मंचरच्या बाजारांत आज जे शब्द कानांवर पडतात त्यांचे पूर्वज या ग्रंथांत बसले आहेत. सातव्या शतकांत बाणभट्टानें 'हर्षचरिता'च्या आरंभीं सातवाहनाच्या या सुभाषितकोशाची रत्नांच्या कोशाशीं तुलना केली आणि त्याला अविनाशी व अग्राम्य म्हटलें. गंमत अशी कीं, ज्यांतील बहुतेक सर्व प्रसंग ग्रामांतले, त्या ग्रंथाला बाणासारखा रसिक अग्राम्य म्हणतो! ग्राम्यता विषयांत नसते, सांगण्यांत असते. चांगल्या निवडीनें हा भेद हातावर काढून दाखविला.

याच राजकुलाच्या नांवावर निवडीची दुसरीही एक कथा आहे, आणि ती अगदीं उलट आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें 'कथासरित्सागरां'त ती सांगितली. सातवाहन राजाला एकदां जलक्रीडेच्या वेळीं राणीचें संस्कृत बोलणें कळलें नाहीं. पाणी उडवूं नका असें ती म्हणाली आणि त्यानें लाडू मागविले. या फजितीनें तो खिन्न झाला. त्याला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याचें शर्ववर्म्यानें कबूल केलें. तें कधींच शक्य नाहीं, झाल्यास आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून देऊं, अशी पैज गुणाढ्यानें घातली. शर्ववर्मा जिंकला. गुणाढ्य तिन्ही भाषा सोडून अरण्यांत गेला, पिशाचांची पैशाची भाषा शिकला आणि तींत त्यानें सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानें लिहिली. शिष्यांनीं ती राजापुढें नेली. राजानें पाहिलें: भाषा पैशाची, अक्षरें रक्ताचीं. नव्यानें संस्कृत शिकलेल्या त्या राजानें तिरस्कारानें ग्रंथ परत पाठविला.

मग गुणाढ्यानें डोंगरावर अग्नि पेटविला. एकेक पान तो मोठ्यानें वाची आणि आगींत टाकी. वनांतले पशु भोंवतीं जमले. चरणें सोडून ते अश्रु ढाळीत ऐकूं लागले. राजाच्या पाकशाळेंत सुकलेलें मांस येऊं लागलें आणि राजाची प्रकृति बिघडली. कारण शोधतां शोधतां तो त्या अग्नीपर्यंत येऊन पोहोंचला. तोंपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे उरले. कथा ती कथाच; ती कोणी इतिहास म्हणून घेऊं नये. परंतु तींतील शहाणपण बारीक आहे. राजाला ऐकतां येत नव्हतें असें नाहीं. त्यानें ऐकण्यापूर्वींच भाषा पाहिली, कागदाचा रंग पाहिला आणि निकाल दिला. पशूंना तेवढी विद्या नव्हती, म्हणून त्यांनीं आधीं ऐकलें. प्राकृत गाथा जपणारा सातवाहन आणि पैशाची कथा धुडकावणारा सातवाहन असे दोन राजे परंपरेनें एकाच नांवाखालीं ठेविले आहेत, हें मोठें सूचक आहे. निवड करावयास बसलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगीं हे दोघेही असतात.

तरी पण हालाची निवड निर्दोष होती असें समजण्याचें कारण नाहीं. सप्तशतींत शृंगाराचा भर फार मोठा आहे. दुष्काळ, रोगराई, युद्ध, वेठबिगार यांचा भार खेड्यानें सोसला असणारच. त्याचा उल्लेख त्या मानानें थोडा. त्याहून नाजूक प्रश्न असा कीं, गाथेंत बोलणारी शेतकरीण खरोखरच शेतकरीण आहे काय? खेड्यांतील स्त्रीच्या तोंडीं घातलेली गाथा खेड्यांतील स्त्रीनेंच रचली असली पाहिजे असें नाहीं. पुष्कळ गाथांमागें शहरांतला चतुर कवि उभा असून त्यानें खेडुताचा वेष घेतला आहे, असें अनेक विद्वानांचें मत आहे. स्त्रियांचीं नांवें आहेत तीं पुरुषांच्या मानानें मूठभरच. म्हणजे दगडावरील अट पैशाची होती, तशी येथेंही एक न कोरलेली अट होती: जो निवडणाऱ्याच्या कानांपर्यंत पोहोंचला तोच वेंचला गेला. कान कितीही उदार असले तरी ते एका जागीं बसलेले असतात.

शिवाय एकदां केलेली निवड तशीच राहत नाहीं. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यानें १८७० सालीं आणि पुढें १८८१ सालीं सप्तशतीवर आपले ग्रंथ प्रसिद्ध केले. निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या एकत्र केल्यावर त्याच्यापुढें एकूण ९६४ गाथा जमल्या. आणि सर्व परंपरांना समान अशा गाथा भरल्या ४३०. म्हणजे सातशेंच्या प्रत्येक संग्रहांतील सुमारें २७० गाथा कोठें ना कोठें बदललेल्या. कोणी जुन्या गाळल्या, कोणी नव्या घातल्या. साधारणदेवासारख्या टीकाकारानें त्या विषयवार लावून टाकल्या. सातशें हा आंकडा मात्र कोणीं मोडला नाहीं. मूळचा संग्रह हालाच्या काळचा आणि त्यांत पुढें कित्येक शतकें भर पडत गेली, असें आतां बहुतेक विद्वान मानतात. यावरून कोणी म्हणेल कीं, मग हालाचें श्रेय तें काय राहिलें? श्रेय हेंच कीं, त्याच्या मागून आलेल्यांना त्याचें भांडार उघडून त्यांत हात घालावासा वाटला. जी निवड पुढच्यांना पुन्हा निवडण्याची जागा ठेवते ती दीर्घायुषी होते.

तिचें फळ केवढें आलें तें पाहावें. नवव्या शतकांत काश्मीरमध्यें आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोक' लिहिला. बोललेल्या शब्दाहून न बोललेला अर्थ काव्यांत श्रेष्ठ असतो, हा सिद्धान्त मांडतांना त्याला उदाहरण हवें होतें. त्यानें घेतली ती सप्तशतींतली, गोदावरीकांठची गाथा. त्या गाथेंतील स्त्री एका धार्मिक गृहस्थाला सांगते कीं, आतां खुशाल फिर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला नदीकांठच्या झाडींतल्या सिंहानें मारलें. वरवर निर्भय करणें, आंतून हुसकावून लावणें! भारतीय साहित्यशास्त्राच्या एका मोठ्या सिद्धान्ताला दृष्टांत पुरविला तो महाराष्ट्राच्या लोकभाषेंतील एका दोन ओळींच्या पद्यानें. बाराव्या शतकांत बंगालमध्यें लक्ष्मणसेनाच्या आश्रयास असलेल्या गोवर्धनानें याच धर्तीवर संस्कृतांत 'आर्यासप्तशती' रचली. पुरंदरच्या तहामुळें महाराष्ट्राला परिचित असलेला आमेरचा मिर्झाराजा जयसिंह, त्याच्या दरबारीं बिहारीची ब्रज भाषेंतील 'सतसई' जन्मली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १८८९ सालीं गंगाधरभट्टाच्या टीकेसह सप्तशती काव्यमालेंत छापली. आणि १९५६ सालीं सदाशिव आत्माराम जोगळेकर यांनीं मराठी अनुवाद व विस्तृत विवेचन यांसह ती मराठी वाचकांच्या हातीं दिली.

आतां पुन्हा या डोंगरांकडे वळावें. जुन्नर आणि आंबेगांव या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडील गांवांत, कुकडी आणि घोड या नद्यांच्या उगमाकडील खोऱ्यांत, गाथेहून लहानशी अशी एक रचना परवांपरवांपर्यंत घरोघर जिवंत होती. ती म्हणजे जात्यावरची ओवी. पहांटेच्या अंधारांत दळतांना बाई गात असे. माहेराची वाट, भाऊ, पाऊस, विठोबा, सासुरवास, मेलेलें मूल असा कोणताही विषय तिला वर्ज्य नव्हता. गाथेविषयीं जी शंका घेतली जाते ती ओवीविषयीं घेण्याचें कारण नाहीं. येथें कोणी नागर कवि स्त्रीचा वेष घेऊन बसलेला नाहीं. हात तिचा, जातें तिचें आणि शब्दही तिचा. पिठाची गिरणी आली, जातें उभें करून भिंतीशीं टेकलें, आणि गाण्याचें निमित्तच संपलें. घोड नदीवर डिंभ्याचें धरण झालें आणि ज्या गांवाचें नांव तालुक्याला आहे तें जुनें आंबेगांवच जलाशयांत बुडालें. पाण्याखालीं घरें गेलीं तीं मोजतां आलीं. त्या घरांतील जात्यांवर किती ओव्या म्हटल्या गेल्या होत्या, त्यांची मोजदाद कोणत्या दप्तरांत असणार?

महाराष्ट्रांत या कामीं पुढें झालेलीं माणसेंही आहेत. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. पुढें हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवें यांनीं १९८० नंतरच्या काळांत पुणें जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून आरंभ करून हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. कोटि नव्हे, पण लक्ष तर खरेंच. आणि हा आंकडा अलंकारिक नसून मोजलेला आहे. त्यांची पद्धत विचार करण्याजोगी आहे. त्यांनीं आधीं ओव्या उतरून घेतल्या, गाणारीचें नांव व गांव नोंदलें, आणि मग विषयवार वर्गीकरण केलें. १९३० च्या मागेंपुढें जन्मलेल्या कित्येक बायका त्यांत आहेत. त्यांपैकीं अनेकींना आपलें नांव कागदावर लिहितां येत नव्हतें. तें दुसऱ्यानें लिहिलें, म्हणून उरलें.

हालाच्या आणि या अलीकडील संग्राहकांच्या कामांतून निवडीचा धर्म ठरवितां येतो. जें हातीं लागेल तें आधीं जसेंच्या तसें राखावें; नापसंत म्हणून फेंकून देऊं नये, कारण आजची आवड उद्याच्या अभ्यासकाची आवड असेल असें नाहीं. त्यानंतर निवड अवश्य करावी. एक लाख ओव्या कोणी सामान्य वाचक वाचणार नाहीं; त्याच्यापुढें सातशें ठेवणारा कोणीतरी पाहिजेच. निवड टाळणें ही उदारता नव्हे. त्यानें चांगलें आणि सामान्य एकाच ढिगाऱ्याखालीं सारखेंच गाडलें जातें. मात्र निवडतांना सर्वांना एक माप लावावें. भाषा खडबडीत म्हणून शब्द बदलूं नये. रचणारीचें नांव व गांव तिच्या ओळींपासून तोडूं नये. आपल्या ओळखीचे, आपल्या पेठेचे, आपल्या शाळेंतले तेवढेच आवाज आपल्या कानीं येत नाहींत ना, हें अधूनमधून तपासावें. आणि आपली निवड शेवटची आहे असें मानूं नये. वेबरपुढें ९६४ गाथा जमल्या तेव्हां हालाची अप्रतिष्ठा झाली नाहीं, त्याच्या भांडाराची व्याप्ति कळली.

हें काम विद्वानांचेंच आहे असें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं समजूं नये. पुण्यामुंबईच्या अनेक घरांत अशी एखादी वृद्ध आजी आहे कीं जिचें लहानपण जुन्नरच्या किंवा घोडेगांवच्या बाजूच्या खेड्यांत गेलें आणि जिच्या हातांनीं जातें ओढलें. तिला आठवणाऱ्या ओव्या दहा असतील, पन्नास असतील. तिच्याजवळ वही घेऊन बसावें. ती म्हणेल तशी ओवी उतरावी. चुकीचा वाटणारा शब्द सुधारण्याचा मोह आवरावा. खालीं तिचें नांव, गांव आणि तारीख घालावी. तींतली चांगली कोणती, सामान्य कोणती हें ठरविण्यास पुढें पुष्कळ अवकाश आहे. ओव्या उतरून घेण्यास मात्र फार थोडा उरला आहे. म्हणून वही आज उघडावी, आणि पहिल्या पानावर आजीचें नांव लिहून आरंभ करावा.